भावोजींचा डावा गाल

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी भावोजी उठतात, आणि भावोजींच्याही आधी त्यांचं नाक उठतं. दोन शिंका, एक लांबलचक सुस्कारा, मग बेसिनच्या आरशासमोर उभं राहून गालांवर बोटांनी टकटक. एवढी तपासणी झाली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते बातमी देतात, "उजवी बाजू चालू. कपाळ ठीक. डावा गाल बंद."

ताई चहाचं आधण ठेवता ठेवता, मागे वळूनही न बघता विचारते, "बंद म्हणजे संप आहे की सुट्टी?"

तोवर मी वरच्या मजल्यावरून खाली आलेली असते. "संप असेल तर मागण्या लिहून घ्या भावोजी, आपण विचार करू."

भावोजी हसतात. हसताना डाव्या डोळ्याखाली बोट दाबून धरतात, आणि त्यावरूनही आम्ही काहीतरी बोलतोच. ताईचा नवरा म्हणून नव्हे, एरवीही भावोजी फार भला माणूस. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर काचा बसवतात. जगात सरळ नाक एकही नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकाचा कल ओळखून ते फ्रेमची उशी अशी वाकवतात की चष्मा घातलाय हे माणूस विसरून जातो. दुनियेच्या नाकांची इतकी उस्तवार करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नाकाला मात्र घरात काडीची किंमत नव्हती.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एकदा बॅटरी मारून आत बघितलं होतं आणि "हवेचं आहे, होईल सवय" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. ताईच्या लेखी विषय तिथेच संपला. भावोजींचा संपला नाही. त्यांना औषध नको असायचं, लाड तर नकोच. घरातल्या एकाने तरी, एकदाच का होईना, हसू न दाबता "दुखतंय का?" असं विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते काही आम्हाला जमत नव्हतं.

ताईचा आणि माझा कारखाना घराच्या मागच्या बाजूला आहे. कारखाना आपलं हौसेने म्हणायचं; दोन खोल्या, एक भट्टी, थरावर थर चढवून वस्तू छापणारं एक यंत्र आणि रंगांच्या बाटल्या. आम्ही माणसाचे अवयव बनवतो. शाळा-कॉलेजांत शिकवायला लागतात ते. ताई घडवते, मी घासते आणि रंगवते. "दोन मूत्रपिंडं तयार आहेत, संध्याकाळपर्यंत घेऊन जा," असं ताई फोनवर सांगत असताना दारात आलेला नवा पोस्टमन पाकीट उंबऱ्यावर ठेवून पळाला होता. तेव्हापासून तो बाहेरूनच हाक मारतो.

कामात ताईचा एक नियम आहे. शिकवायचं शरीर स्वच्छ हवं. खऱ्या हृदयावर चरबी असते, आमच्या हृदयावर नसते. खरा कणा इकडेतिकडे कललेला असतो, आमचा ओळंब्यात असतो. ताईला स्वयंपाकघरात पसारा चालत नाही आणि कवटीतही चालत नाही. मूळ नमुन्यात काही वाकडं, डागाळलेलं, जास्तीचं दिसलं की ती ते आधी साफ करते, मग छापायला घेते. तिच्या या स्वच्छतेमुळेच तर कामं आमच्याकडे येतात.

यंदा काम आलं मुलांच्या विज्ञान संग्रहालयाकडून. तिथल्या बाई स्वतः आल्या. त्यांना एक मोठं, आरपार दिसणारं डोकं हवं होतं. श्वास घेताना-सोडताना हवा चेहऱ्याच्या आत कुठे कुठे जाते-येते, ते त्यात मुलांना दिसलं पाहिजे.

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत रिकाम्या खोल्या असतात, हे मला या कामामुळे नीट कळलं. दोन गालांत, दोन कपाळात, डोळ्यांच्या मधे लहान लहान कप्पे आणि एक जोडी पार मागे, डोक्याच्या मध्यावर. यांनाच सायनस म्हणतात. या खोल्या नाकाच्या बोळात उघडतात, पण दारं अगदी बारीक. काही तर तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातून गालातल्या खोलीचं दार वर, छताजवळ. जमलेलं काही बाहेर जायचं तर ते चढून जायला हवं. ज्या गवंड्याने मोरी छताला काढली तो कुठे भेटला तर मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

मला वाटायचं, श्वास घेतला की हवा धाडकन या खोल्यांत शिरत असेल. तसं अजिबात नाही. आत घेतलेली हवा बोळातून सरळ पळत सुटते, दारांकडे ढुंकूनही बघत नाही. उलट जाता जाता खोलीतलीच चिमूटभर हवा ओढून नेते. श्वास सोडताना बोळात दाब जरासा वाढतो, तेव्हा चिमूटभर हवा आत ढकलली जाते. चिमूट आत, चिमूट बाहेर, असा हा सावकाश कारभार. मात्र ओठ मिटून गुणगुणलं की बोळातली हवा थरथरते, त्या थरथरीने दारातली हवा भराभर आतबाहेर व्हायला लागते आणि बघता बघता खोलीतली हवा बदलते.

ताईने हे समजावल्यावर बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हणजे आधी गालांत हळूहळू धूर भरेल, मग मुलं बटण दाबतील, डोकं गुणगुणेल आणि धूर बाहेर पडेल! हेच हवं मला. सोमवारी दालन उघडतंय, सकाळी मी गाडी घेऊन येते."

आता डोकं बनवायचं तर आधी एक डोकं लागतं. ताईने टेबलाचा खण उघडला आणि एक तबकडी काढली. गेल्या वर्षी भावोजींची वरची दाढ ठणकत होती, तेव्हा दातांच्या डॉक्टरने त्यांच्या सगळ्या चेहऱ्याचा स्कॅन काढला होता. त्याने दाढ बघितली, दाढ उपटली आणि बाकीचं डोकं सोडून दिलं. दाढ गेली तरी ठणका गेला नाही, असं भावोजी म्हणायचे. त्यावरही आम्ही हसलो होतो.

"घरात डोकं असताना बाहेर कशाला शोधायचं?" ताई म्हणाली.

"पण त्यांना सांगायचं ना?"

"सांगितलं तर रोजच्या बातम्यांना पुरवणी निघेल. मुळीच नको."

मुलांना लांबून दिसावं म्हणून डोकं मूळच्या दुप्पट करायचं ठरलं. नुसत्या चेहऱ्याचा एक कच्चा नमुना आधी छापला. दुपारी भावोजी नेहमीप्रमाणे दुकान बंद करून आमचा डबा घेऊन आले. टेबलावरचा तो अवाढव्य चेहरा बघून थांबले आणि सवयीने त्याच्या नाकावरून अंगठा फिरवला.

"हे कुणाचं नाक म्हणायचं? डावीकडे केवढं झुकलंय! याला चष्मा बसवायचा म्हणजे नाकी नऊ येतील."

मी भट्टीच्या आड जाऊन ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. ताई टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागली.

"माणूस गरीब वाटतो, पण," भावोजी पुढे म्हणाले. "जरा दमलेला."

मग ताई संगणकापुढे बसली आणि साफसफाई सुरू झाली. नाक ओळंब्यात आणलं. आतला वाकडा पडदा सरळ केला. डाव्या गालात करडं काहीतरी दिसत होतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"कचरा. दातांत चांदी भरलेली असली की स्कॅनमधे असा धुरळा उठतो." तिने माउस फिरवला आणि करडं सगळं पुसून टाकलं. गाल उजव्यासारखा लख्ख झाला.

पूर्ण डोकं छापून, धुऊन, घासून झालं. फुप्फुसांच्या जागी आम्ही मोटरवर चालणारा छोटा भाता लावला, घशात स्पीकर बसवला. गुणगुणणं माझंच रेकॉर्ड केलं. "तुझा सूर ऐकून धूर पळणारच," ताई म्हणाली. नाटकात स्टेजवर सोडतात तसला पांढरा धूर भरला आणि भाता सुरू केला. डोकं श्वास घ्यायला लागलं. उजव्या गालात वरून पांढरी रेघ उतरली, मग दुसरी, मग सगळी खोली दुधाळ झाली. कपाळ भरलं. डोळ्यांमधले कप्पे भरले. बटण दाबलं तशी मी त्याच्या घशातून गुणगुणले आणि उजव्या गालातला धूर भराभर निघून गेला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

डावा गाल मात्र कोरा. एक चिमूट धूर आत जाईल तर शपथ.

"तू घासताना भुकटी सोडलीस," ताई म्हणाली.

मी पाणी सोडलं, हवा मारली, सुई घातली. काही नाही. डावी बाजू पुन्हा छापली. तेच. मग ताईने यंत्र खोलून साफ केलं आणि तिसऱ्यांदा छापली. पुन्हा तेच. ताई आधी यंत्रावर चिडली, मग विजेवर, मग मालावर, आणि हे सगळे संपल्यावर माझ्यावर. तिच्या कामात खोट निघालेली तिला खपत नाही. एरवी नाकावर माशी बसू देत नाही, इथे तर आख्खं नाक बिघडलं होतं.

"सरळ भोक पाड आणि मोकळी हो," मी म्हटलं.

"तयार कामाला भोक पाडायचं म्हणजे ठिगळ. माझ्या हातून नाही होणार. चूक कुठे आहे ते आधी सापडू दे."

शनिवार दुपार झाली. भाता चालू होता, उजवा गाल भरत होता, डावा आमच्याकडे कोऱ्या नजरेने बघत होता. भावोजी डबा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. मग हळूच पुढे येऊन डोक्यासमोर वाकले.

"डावा गाल बंद," ते म्हणाले.

"अहो, आत्ता थट्टा नको हं. डोकं आधीच फिरलंय माझं."

"थट्टा नाही गं. बघ ना, सगळीकडे जातंय, इथेच नाही." त्यांनी डबा खाली ठेवला. ते त्या डोक्याशीच बोलत असल्यासारखे बोलत होते. "याला खाली वाकलं की डोळ्याखाली ठणका लागत असेल. वरच्या दाढा दुखत असतील, त्यांना कीड नसतानाही. सकाळी फार वाईट, दुपारी जरा बरं. घरी सांगायला जात असेल बिचारा, आणि घरचे विचारत असतील, संप आहे की सुट्टी." त्यांनी प्लास्टिकच्या त्या गालावर हात ठेवला. "कळतं रे बाबा मला."

मी हसायला तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडतं. पण मी ताईकडे बघितलं आणि ते तसंच मिटलं.

ताईच्या हातातला ब्रश थांबला होता. ती उठली, संगणकाशी गेली आणि तिने मूळचा स्कॅन उघडला, हात न लावलेला. उजव्या गालाच्या जागी काळोख होता. हवा स्कॅनमधे काळी दिसते. डाव्या गालात काळं काही नव्हतंच. भांड्यात दही लागावं तसं करडं, एकसारखं, तळापासून छतापर्यंत भरलेलं. छताजवळ जिथे दार हवं, तिथेही करडंच.

"चांदीच्या धुरळ्याला रेघा असतात," ताई हळूच म्हणाली. "याला एकही रेघ नाही."

तीन वेळा छापलेली डावी बाजू तीनही वेळा बरोबर आली होती. गालातलं सगळं ताईने पुसलं होतं, पण नसलेलं दार ती कुठून आणणार?

भावोजी आमच्या मागे येऊन उभे राहिले. "कुणाचं आहे हे डोकं?"

ताईने मान वर केली नाही. "तुमचं."

त्यांनी स्टूल ओढलं, बसले, चष्मा पुसून पुन्हा घातला आणि पडद्यावर बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे त्या नाकाला मी..."

"वाकडं म्हणालात."

"दमलेला माणूस आहे, असंही म्हणालो होतो."

"हो."

भावोजी खो खो हसले. एकटेच. ताईचा आवाज मात्र फुटला. "अहो, तुमच्या गालात हे सगळं भरलेलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी कचरा म्हणून पुसून टाकलं."

"मग काय बिघडलं? तिथे पुसलंस, तसं इथेही पुसता येतंय का बघ." त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. मला ताईचा राग आला, त्याहून माझा आला, आणि या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाचच डबा उघडायला घेतला.

ताईने डोळे पुसले. सरळ त्यांच्याकडे बघून तिने विचारलं, "दुखतंय का हो?"

किती वर्षांनी प्रश्न आला! आणि भावोजींनी काय करावं? हात झटकला. "छे गं! एवढं काही नाही. आताशा तर बरंच बरं आहे."

"मग रोज सकाळी सांगत होतात ते?"

"ते आपलं सांगायचं म्हणून."

"आजच दाखवायला जायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे."

"आज? आणि बाईंचं डोकं? आधी ते कर. माझं कुठे पळून चाललंय?" मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "मेहुणीबाई, ते दार उघडायला काय करतात गं?"

"औषधाने उघडलं तर उघडलं. नाहीतर नाकातून बारीकसं अवजार घालतात म्हणे."

भावोजींचा चेहरा एकदम उतरला. दुसऱ्याच्या नाकावर दिवसभर पकडी-स्क्रू चालवणारा माणूस, पण स्वतःच्या नाकाशी गोष्ट आल्यावर त्याने प्यायला पाणी मागितलं.

ताईने ते बघितलं. ती भिंतीवरच्या फळीपाशी गेली आणि सगळ्यांत बारीक, लांब दांड्याचा ड्रिल काढला. मी तिच्याकडे बघतच राहिले. तयार कामाला तिने आजवर कधी भोक पाडलं नव्हतं.

"इकडे या," ती भावोजींना म्हणाली. "नीट बघा. डोळे मिटायचे नाहीत."

उजव्या गालाचं दार कुठे आहे ते मोजून तिने तीच जागा डावीकडे ठरवली. ड्रिल नाकपुडीतून आत घातला. भावोजींनी माझं मनगट पकडलं होतं आणि ते असं आवळलं की भोक मलाच पडतंय असं वाटलं. बारीक घरघर झाली, चिमूटभर पांढरी भुकटी नाकातून ओघळली. ताईने ड्रिल बाहेर काढला आणि एकदा हवा मारली.

"झालं."

"एवढंच?" भावोजींनी विचारलं.

"याचं एवढंच. तुमचं डॉक्टर सांगतील. पण मी शेजारी असेन."

तिने भाता सुरू केला. डोक्याने श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. डाव्या गालाच्या छताशी एक पांढरी रेघ दिसली, इतकी बारीक की आधी मला भास वाटला. मग ती जाड झाली, खाली उतरली, तळाशी पसरली. चिमूट चिमूट करत गाल पांढरा होत गेला, उजव्याइतका. भावोजींनी माझं मनगट सोडलं आणि हात पुढे करून बटण दाबलं.

डोकं गुणगुणलं. दोन्ही गालांतला धूर हलला, दारांकडे वर चढला आणि नाकातून बाहेर पडला. डावा गाल कोपऱ्यापर्यंत स्वच्छ झाला. भावोजींनी धूर पुन्हा भरू दिला, पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा. संग्रहालयातली मुलं याहून वेगळं काही करणार नव्हती, आणि एरवी मी तसं बोललेही असते.

मग त्यांनी स्वतःचे ओठ मिटले आणि हळूच गुणगुणून बघितलं. एक हात उजव्या गालावर, एक डाव्या. मधेच थांबले. डावा हात तसाच गालावर राहिला.

"सगळ्यांचं असं असतं होय?" त्यांनी त्या डोक्याकडे बघत विचारलं. "असं मोकळं?"

ताईने मान डोलावली.

"मला आपलं वाटायला लागलं होतं," भावोजी म्हणाले, "सगळ्यांचंच दुखतं. मीच तेवढा सांगत सुटतो."